टूटिंगचा राजवाडा

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर एक काळी रेघ आहे, नॉर्दर्न लाइन नावाची. नाव उत्तरेचं, पण या सबंध रेल्वेचं सर्वांत दक्षिणेकडचं स्टेशन, मॉर्डेन, हे याच रेघेच्या टोकाला! इंग्रजांच्या अशा विनोदांची सवय करून घ्यावी लागते. मॉर्डेनच्या अलीकडचं तिसरं स्टेशन म्हणजे टूटिंग ब्रॉडवे. बाहेर पडलं की समोर सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा दिसतो. या गृहस्थाशी आपली जुनी ओळख आहे. मुंबईत ज्या चौकाला आपण आजही ‘काळा घोडा’ म्हणतो, तिथल्या मूळ घोड्यावर बसलेला युवराज तो हाच. आपल्याकडचा पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. टूटिंगचा एडवर्ड रस्त्यातच उभा आहे.

टूटिंग हे काही पर्यटकांनी मुद्दाम जावं असं ठिकाण नाही. बसगाड्या, मंडई, डोशाची हॉटेलं, साड्यांची दुकानं असा सगळा मामला. पुतळ्यापासून मिचम रोडनं थोडं चालत गेलं की दुकानांच्या रांगेत एकाएकी एक पांढुरकी, उंच इमारत पुढं येते. दर्शनी बाजूला चार भलेमोठे खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी. एखादी बँक असावी, असं वाटतं. आत गेलं की मात्र माणूस गोंधळतो. समोर एक मध्ययुगीन चर्च असावं तसा महाल. टोकदार कमानी, रंगवलेले सरदार आणि सुंदऱ्या, नक्षीदार छत. आणि या सगळ्याखाली टेबलं मांडून माणसं खेळतायत काय, तर आपल्याकडे जिमखान्यात खेळतात ती हाऊजी! इंग्रज तिला बिंगो म्हणतात.

हे चर्च कधीच नव्हतं. महालही नव्हता. ७ सप्टेंबर १९३१ रोजी हे उघडलं ते एक सिनेमा थिएटर म्हणून, आणि नाव होतं ‘ग्रॅनाडा’. उपनगरातल्या कारकुनांनी, दुकानदारांनी, ट्रामच्या कंडक्टरांनी आणि त्यांच्या बायकांनी तिकीट काढून संध्याकाळ घालवावी म्हणून बांधलेलं थिएटर. तीन हजारांहून जास्त खुर्च्यांचं. आज या वास्तूला ब्रिटनमध्ये वारसा वास्तूंचा पहिल्या श्रेणीचा दर्जा आहे. मोठमोठ्या कॅथीड्रलांना, राजवाड्यांना असतो तो दर्जा. हे कसं घडलं, त्याचीच ही हकीकत आहे.

थिएटरच्या आधी उपनगर समजून घ्यायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टूटिंग हे लंडनच्या कडेचं, अर्धं गावच होतं. १९०३ मध्ये लंडन कौन्टी कौन्सिलची विजेवर चालणारी ट्राम तिथवर आली, आणि त्याच सुमारास कौन्सिलनं तिथं टॉटरडाउन फील्ड्स नावाची वसाहत बांधायला घेतली. मजल्यांवर मजले चढवलेल्या चाळी नव्हेत, तर पुढंमागं थोडी बाग असलेली बुटकी, सलग घरं. लंडन कौन्सिलची अशा धर्तीची ही पहिलीच वसाहत. आपल्याकडे प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंग्याची आखणी केली, तोच काळ आणि साधारण तीच बुद्धी. पुढं १९२६ मध्ये भुयारी रेल्वे मॉर्डेनपर्यंत पोचली. तिची स्टेशनं चार्ल्स होल्डन या वास्तुविशारदानं पांढऱ्या पोर्टलंड दगडात बांधली. ती साधी, सरळ, जवळजवळ अबोल आहेत. स्टेशन बघून मग ग्रॅनाडा बघावं, म्हणजे एकाच दशकात एकाच रस्त्यावर दोन उलट्या स्वभावाची माणसं कशी काम करत होती ते कळतं.

रेल्वे आली, वस्ती वाढली आणि संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. घरं लहान. थंडीत कोळशाची शेगडी एकाच खोलीत पेटायची. अशा माणसाला ऊबदार, गालिचा अंथरलेली, झगमगती जागा थोड्या पेन्समध्ये तीन तास मिळत असेल, तर सिनेमा कुठला लागलाय याची तो फारशी चौकशी करत नाही. हे ज्यानं नेमकं हेरलं तो माणूस म्हणजे सिडनी बर्नस्टीन.

बर्नस्टीनचा जन्म १८९९ चा, लंडनच्याच एका उपनगरातल्या, इलफर्डमधल्या ज्यू कुटुंबातला. वडिलांकडून थोडी थिएटरं वारशानं आलेली. हा माणूस व्यापारी तर होताच, पण नुसता व्यापारी नव्हता. १९२५ मध्ये लंडनमध्ये फिल्म सोसायटी निघाली, ती काढणाऱ्यांत तो होता. रशियन, जर्मन चित्रपट इंग्रज रसिकांना दिसले ते या सोसायटीमुळे. आणि दुसरीकडे आपल्या थिएटरांत येणाऱ्या साध्या प्रेक्षकांना छापील प्रश्नावल्या वाटून तो विचारत होता, की तुम्हाला कुठला नट आवडतो, कुठली नटी आवडते. प्रेक्षकांची अशी पद्धतशीर विचारपूस तोवर फारशी कुणी केलेली नव्हती. स्पेनमध्ये भटकंती करताना ग्रॅनाडा शहर त्याच्या मनात भरलं, आणि तेच नाव त्यानं आपल्या थिएटरांना दिलं. ग्रॅनाडा म्हणजे अल्हम्ब्रा राजवाड्याचं गाव. पावसात भिजलेल्या इंग्लंडच्या उपनगरात उन्हातल्या स्पेनचं नाव! धंद्याची जाण असलेल्या माणसालाच असं सुचतं.

इमारतीचा आराखडा केला सेसिल मेसी या वास्तुविशारदानं. बाहेरचे ते चार खांब त्याचे. बाहेरून इमारत इटालियन वळणाची, शिस्तीतली आहे. आतलं काम मात्र बर्नस्टीननं एका वेगळ्याच माणसाकडे दिलं, आणि तिथं या गोष्टीत नाट्य शिरतं. अगदी शब्दशः.

थिओडोर कोमिसार्जेव्हस्की हा रशियन नाट्यदिग्दर्शक. जन्म १८८२ चा, व्हेनिसमधला. वडील ऑपेरातले नामांकित गायक. सावत्र बहीण व्हेरा ही रशियन रंगभूमीवरची फार मोठी अभिनेत्री. चेकॉव्हचं ‘सीगल’ हे नाटक १८९६ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि सपशेल पडलं, त्या प्रयोगातली नीना तिनंच केली होती. रशियन क्रांतीनंतर, १९१९ मध्ये, कोमिसार्जेव्हस्की देश सोडून इंग्लंडला आला. चेकॉव्ह इंग्रजांच्या गळी उतरवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांत याचं नाव फार वरचं आहे. टेम्सच्या काठी बार्न्स नावाच्या उपनगरातल्या एका लहानशा थिएटरात त्यानं १९२५-२६ च्या सुमारास चेकॉव्हची नाटकं बसवली, आणि त्यांत जॉन गिलगुड नावाचा एक तरुण नट काम करत होता. पुढं तो कोण झाला ते सांगायला नको. कोमिसार्जेव्हस्की दिग्दर्शन करायचा, नेपथ्य स्वतः आखायचा, पोशाख आखायचा, प्रकाशयोजनाही बघायचा. १९३३ मध्ये स्ट्रॅटफर्डला त्यानं ‘मॅक्बेथ’ केलं ते ॲल्युमिनियमच्या नेपथ्यात. लोक चक्रावून गेले.

बर्नस्टीननं त्याला आधी लंडनच्या फीनिक्स या नाट्यगृहाच्या सजावटीचं काम दिलं होतं. ते १९३० चं. त्याच वर्षी डोव्हर बंदरात पहिलं ग्रॅनाडा उघडलं, तिथंही तो होता. टूटिंगला त्याला मोकळं रान मिळालं.

मला इथं बाबूराव पेंटरांची आठवण होते. कोल्हापूरचे हे कलावंत आणि त्यांचे बंधू आनंदराव आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आणि तिथून ते सिनेमाकडे आले. पडदा रंगवणारा माणूस एक गोष्ट पक्की जाणून असतो. सातव्या रांगेतून जे खरं दिसतं ते खरं. जवळ जाऊन बोटानं खरवडून बघणाऱ्यासाठी तो रंगवतच नाही. कोमिसार्जेव्हस्कीनं टूटिंगचं थिएटर असं रंगवलं. फरक इतकाच, की त्याचा पडदा चारही भिंतींवर, छतावर आणि जिन्यावर पसरला.

आता आत जाऊ या. दारातून शिरल्यावर पहिला दिवाणखाना लागतो तो जुन्या इंग्रज सरदाराच्या गढीतला वाटावा असा. लाकडी तक्तपोशी, वर वादकांनी बसावं असा सज्जा, आणि समोरच्या टोकाला दोन बाजूंनी चढत जाणारे संगमरवरी जिने. जिना चढून गेलं की माणूस एका लांबच लांब दालनात येतो. दीडशे फूट लांब. दोन्ही बाजूंना टोकदार कमानींची रांग, आणि कमानीकमानींत आरसे. आपण ज्याला शीशमहाल म्हणतो तो हा. आरशातून आरसा दिसतो, त्यातून आणखी एक कमान, आणि चालणाऱ्याला वाटतं, की आपण एखाद्या न संपणाऱ्या मठाच्या ओवरीतून चाललो आहोत. हे दालन काही नुसत्या चैनीसाठी केलेलं नव्हतं. त्या काळी इंग्लंडात सिनेमाचे खेळ सलग चालायचे. आपल्यासारखं तीन, सहा, नऊ असं नाही. माणसं वाटेल तेव्हा शिरायची आणि जिथून बघायला लागली तिथवर पुन्हा आली, की उठून जायची. त्यामुळं खुर्च्या रिकाम्या होईतो कायम एक गर्दी थोपवून धरायला लागायची. ती रस्त्यावर पावसात उभी करण्याऐवजी बर्नस्टीननं आरशांत उभी केली. आरशांत उभ्या माणसाला रांग कंटाळवाणी वाटत नाही. तो स्वतःकडे बघत राहतो.

आणि मग मुख्य सभागृह. गॉथिक शैली म्हणजे काय हे मुंबईकरांना निराळं सांगायला नको. व्हीटी स्टेशन, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आपण बघत आलोय. टोकदार कमानी, निमुळते होत गेलेले कळस, दगडाची जाळी, चक्राकार रंगीत खिडकी. टूटिंगला हे सगळं आहे. रंगमंचाच्या चौकटीच्या वर टोकदार शिखरांची एक रांगच खाली लोंबत असल्यासारखी दिसते, जणू एखाद्या कॅथीड्रलमधलं कोरीवकाम उलटं टांगलंय. बाजूच्या भिंतींवर कमानींच्या चौकटी आणि त्यांत मध्ययुगीन माणसांची चित्रं. गाणारे भाट, सरदार, लांब झग्यातल्या स्त्रिया. आतल्या दिव्यांमुळं उजळणाऱ्या, रंगीत काचांच्या वाटाव्यात अशा खिडक्या. छत कप्प्याकप्प्यांचं, सोनेरी, तांबूस. प्रकाश मंद, कुठून येतो ते कळू नये असा.

व्हीटीचा गॉथिक दगडाचा आहे. कमान वरचा भार पेलते म्हणून टोकदार आहे. टूटिंगच्या कमानी कशाचाही भार पेलत नाहीत. त्या प्लास्टरच्या आहेत, पोलादी सांगाड्याला आतून लटकावलेल्या. त्या काळच्या गंभीर वास्तुविशारदांना या प्रकाराची भयंकर चीड होती. इमारतीनं खोटं बोलू नये, पोलादाची असेल तर पोलादाचीच दिसावी, असं म्हणणारी पिढी तेव्हा पुढं येत होती. सिनेमाच्या धंद्यातही ऑस्कर डॉइशची ‘ओडियन’ थिएटरं याच वेळी उभी राहू लागली. गुळगुळीत, गोलसर कोपऱ्यांची, आगगाडीच्या इंजिनासारखी आधुनिक. आपल्याकडे रीगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ ची, ती या आधुनिक वळणाची. त्या हिशेबानं टूटिंग उघडलं त्याच दिवशी शिळं होतं, असंही कुणी म्हणेल.

मला ते पटत नाही. कोमिसार्जेव्हस्कीचं म्हणणं साधं होतं. या जागेत येणाऱ्या माणसाला घरी जे कधीच मिळणार नाही ते काही तासांसाठी आपलं वाटलं पाहिजे. तो घर बांधत नव्हता. नेपथ्य करत होता. आणि नाटकातला राजवाडा खोटा आहे, अशी तक्रार आपण तिसऱ्या अंकानंतर करत नाही. शिवाय नीट बघितलं तर दिसतं, की त्यानं स्वस्त काम केलेलं नाही. प्रमाणं अचूक आहेत. डोळा कुठंही अडखळत नाही. इतक्या नक्षीत सभागृह भडक वाटायला हवं होतं. ते गूढ वाटतं.

पहिल्या दिवशीचा चित्रपट ‘मॉन्टे कार्लो’, जॅक ब्यूकॅनन आणि जॅनेट मॅकडोनल्ड यांचा. बोलपट. गंमत बघा, आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्याच वर्षी, १४ मार्च १९३१ ला, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला होता. म्हणजे टूटिंगच्या आधी सहा महिने. आणि पहिला मराठी बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२ च्या फेब्रुवारीत, तोही मॅजेस्टिकमध्येच. मॅजेस्टिक पुढं पाडलं गेलं. त्या जागी आज दुकानांचं संकुल आहे. ‘आलम आरा’ची प्रतही उरलेली नाही. चित्रपट गेला आणि तो जिथं लागला ते थिएटरही गेलं.

ग्रॅनाडात नुसता चित्रपट नसायचा. दोन चित्रपट, बातमीपट, रंगमंचावर गाणी किंवा कसरती, आणि या सगळ्यांच्या मध्ये ऑर्गन. थिएटरचा ऑर्गन ही चीज आपल्याकडे फारशी रुळली नाही, म्हणून थोडं सांगतो. हा पायपेटीचा अवतार नव्हे. वुर्लित्झर या अमेरिकी कंपनीचा ऑर्गन म्हणजे एका माणसाच्या हातात दिलेला अख्खा वाद्यवृंद. टूटिंगच्या ऑर्गनला एकावर एक अशा चार पट्ट्या. नळ्या, घंटा, ढोल, झांजा असा सगळा संसार वेगळ्या खोल्यांत आणि वादक मात्र प्रकाशात. मध्यंतराला तो पट्ट्यांसकट जमिनीतून वर येत असे, आणि वाजवून झालं की वाजवत वाजवतच खाली जात असे. हा ऑर्गन मुळात अमेरिकेतल्या सॅक्रॅमेंटो शहरातल्या एका थिएटरसाठी बनला होता. बोलपट आल्यावर अमेरिकेतल्या थिएटरांना ऑर्गनची गरज संपत चालली होती. मूकपटाला साथ करायला ते लागायचे. अमेरिकेनं टाकलेलं वाद्य टूटिंगमध्ये नांदू लागलं.

युद्ध आलं, गेलं. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सिनेमाची जवळजवळ १६३ कोटी ५० लाख तिकिटं विकली गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकानं वर्षाला तीसहून जास्त वेळा सिनेमा बघितला, असं सरासरी सांगते. हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

टूटिंगच्या रंगमंचाला विंगा होत्या, कपडे बदलायच्या खोल्या होत्या, त्यामुळं तिथं गायकही येत. फ्रँक सिनात्रा १९५३ मध्ये गाऊन गेला, त्याची कारकीर्द तेव्हा पार उतरणीला लागलेली होती. १९५८ च्या मे महिन्यात रॉक-अँड-रोलवाला जेरी ली लुईस आला. त्यानं आपल्या नात्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केल्याचं इंग्रजी वर्तमानपत्रांनी नुकतंच शोधून काढलं होतं. टूटिंगच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि तो दौरा अर्धवट टाकून परत गेला. उपनगरातला प्रेक्षक भाबडा असतो असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. १ जून १९६३ ला बीटल्स आले, रॉय ऑर्बिसनच्या बरोबरीनं.

पण तोवर आतून पोखरायला सुरुवात झालेली होती, आणि गोष्टीतला खरा पेच इथं आहे. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला तो दोन कोटींवर लोकांनी टेलिव्हिजनवर बघितला. बीबीसीच्या जोडीला जाहिरातींवर चालणारं टेलिव्हिजन सुरू करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा त्याचा परवाना मागायला जी मंडळी पुढं आली त्यांत एक होता सिडनी बर्नस्टीन. तोच. १९५६ च्या मे महिन्यात उत्तर इंग्लंडसाठी ग्रॅनाडा टेलिव्हिजन सुरू झालं. थिएटरांत माणसं का येतात हे ज्याला सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्यानंच ती घरी थांबतील अशी सोय केली. थिएटरवाले म्हणून अनेकजण टेलिव्हिजनला शिव्या देत बसले, हा पलीकडे जाऊन बसला. त्याला दगाबाज म्हणावं की दूरदृष्टीचा? धंद्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं बरोबरच होतं. आणि ग्रॅनाडा टेलिव्हिजननं काम उत्तम केलं, हेही मान्य करायला हवं. पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरची, ब्रिटिश राजवटीच्या शेवटाची ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही मालिका त्यांचीच, १९८४ ची. आणि १९८४ हेच ते वर्ष, ज्या वर्षी ब्रिटनमधल्या सिनेमाच्या तिकिटांचा आकडा तळाला गेला. ५ कोटी ४० लाख. १६३ कोटींवरून!

टूटिंग तोवर थांबलं नव्हतं. १९७० च्या सुमारास तीन हजार खुर्च्यांच्या त्या महालात आठवड्याला सहाशेच्या आसपास माणसं येत होती. आठवड्याला, खेळाला नव्हे. शीशमहालातून एकटा माणूस चालत जात असेल तेव्हा आरशांत तोच तो दिसत असेल. मालकांनी जागेचं दुसरं काही करता येईल का याचा विचार सुरू केला, आणि तो कुणीही केला असता. मोक्याचा रस्ता, स्टेशन जवळ.

इथं कायदा आडवा आला. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यानं वारसा वास्तूंची यादी करायला घेतली होती. यादीत नाव लागलं की परवानगीवाचून पाडता येत नाही. पण ती यादी करणाऱ्या विद्वानांच्या लेखी वारसा म्हणजे जुनी चर्च, जमीनदारांचे वाडे.  लंडनच्या युस्टन स्टेशनची भव्य कमान १९६१-६२ मध्ये डोळ्यांदेखत पाडली गेली, तेव्हा कुठं लोक जागे झाले. सिनेमा थिएटर, तेही उपनगरातलं, तेही प्लास्टरच्या खोट्या गॉथिकचं, ही तर अगदीच खालची पायरी. १९६९ मध्ये डेनिस शार्पनं ‘द पिक्चर पॅलेस’ हे पुस्तक लिहून या इमारतींकडे वास्तुकला म्हणून बघा, असं सुचवलं. आणि १९७२ मध्ये टूटिंगचं ग्रॅनाडा यादीत आलं. लंडनमधलं न्यू व्हिक्टोरिया हे थिएटरही त्याच वर्षी. इमारत चाळीस वर्षांची होती. तिथं पहिला दिवस बघितलेली माणसं अजून टूटिंगमध्ये भाजी आणायला जात होती.

यादी किती पातळ दोरा असतो, ते पश्चिम लंडनच्या फायरस्टोन कारखान्याच्या बाबतीत दिसलं. तो १९२८ चा, तितकाच दिमाखदार दर्शनी भागाचा. १९८० च्या ऑगस्टमध्ये त्याचं नाव यादीत घालायचं ठरलं, पण मध्ये सुट्ट्या आल्या, आणि कागदावर सही व्हायच्या आत त्या सुट्ट्यांतच मालकांनी दर्शनी भागावर यंत्रं चालवली. टूटिंगच्या कागदावर सही वेळेत झाली, एवढाच फरक.

यादीत आल्यानं इमारत वाचते. धंदा वाचत नाही. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये टूटिंगचा शेवटचा खेळ झाला आणि दारं बंद झाली. त्याच वर्षी मुसळधार पावसाचं पाणी शिरून ऑर्गन निकामी झाला होता. तीन वर्षं वास्तू तशीच पडून राहिली. बंद इमारतीचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. आधी कौलं किंवा पन्हाळी जाते, मग ओल येते, मग प्लास्टर फुगतं. आणि इथं तर सगळंच प्लास्टर.

तारलं ते हाऊजीनं. ब्रिटनमध्ये १९६० च्या जुगारविषयक कायद्यानं बिंगोचे क्लब काढायला वाट मोकळी झाली होती, आणि ओस पडलेली थिएटरं त्या क्लबांना आयती मिळाली. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रॅनाडा बिंगो क्लब म्हणून दारं पुन्हा उघडली. सुसंस्कृत माणसांनी नाकं मुरडली. चेकॉव्ह बसवणाऱ्याच्या कलाकृतीत आकड्यांचा जुगार! पण मला विचाराल, तर यापेक्षा चांगला भाडेकरू या वास्तूला मिळाला नसता. सिनेमावाल्यांनी ठेवलं असतं तर सभागृहात भिंती घालून तीन-चार छोटे पडदे केले असते. अनेक जुन्या थिएटरांचं त्या काळात तेच झालं. दुकानदारानं मधे मजला टाकला असता. बिंगोला मात्र मोकळं, उंच, सलग सभागृहच लागतं, उजेड लागतो, ऊब लागते, आणि खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडली की भागतं. कमानींना हात लावावा लागत नाही. आणि येणारी माणसं कोण? त्याच उपनगरातली, बरीचशी पिकल्या केसांच्या बायका, ज्यांच्या आयांनी इथं ऑर्गन ऐकला होता. १९९१ मध्ये मालकी बदलली, नाव ‘गाला’ झालं. २०१८ मध्ये ‘बझ बिंगो’. मधे, २००० साली, इमारतीला पहिली श्रेणी मिळाली. चित्रपटगृह म्हणून बांधलेल्या वास्तूला तो दर्जा ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच मिळाला.

कोमिसार्जेव्हस्कीनं बर्नस्टीनसाठी वूलिचला १९३७ मध्ये आणखी एक गॉथिक ग्रॅनाडा सजवलं होतं. तिथंही बिंगो आला आणि गेला, आणि आता तिथं खरोखरीचं चर्च भरतं. नेपथ्याचा देव शेवटी तिथं वस्तीला आला म्हणायचा. हे बघायला तो स्वतः नव्हता. १९५४ मध्ये अमेरिकेत तो वारला. बर्नस्टीन त्र्याण्णव-चौऱ्याण्णव वर्षं जगला, १९९३ पर्यंत.

आपल्याकडेही श्रेणीची पद्धत आहे. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, त्यात रीगल आणि इरॉस आली. हा मान योग्यच आहे. पण ती शहराची, चर्चगेट-कुलाब्याची थिएटरं. दादरपासून पुढं ठाण्यापर्यंत, बोरिवलीपर्यंत जी थिएटरं होती, जिथं माणसं लोकलमधून उतरून घरी न जाता थेट सहाच्या खेळाला शिरायची, ती एकेक करून संकुलं आणि टॉवर झाली. त्यातल्या किती इमारतींचे आराखडे कुणी जपले, किती दर्शनी भागांचे नीट फोटो आहेत? कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. ते पुन्हा जसंच्या तसं उभारायचं म्हटल्यावर पहिली गरज पडते ती जुन्या मोजमापांची आणि नकाशांचीच. टूटिंगची वास्तू निदान यादीत नोंदवलेली आहे.

राहिला ऑर्गन. पाण्यात भिजलेला तो वुर्लित्झर दुरुस्त करायला माणसं वर्षानुवर्षं खपली. रंगमंचाखालच्या त्या खोल्यांतून नळ्या काढायच्या, साफ करायच्या, चामड्याचे भाते बदलायचे, पुन्हा जोडायच्या. २००७ मध्ये, तीसहून जास्त वर्षांनी, त्याचा जाहीर कार्यक्रम झाला. त्या दिवशी आकड्यांचा पुकारा बंद ठेवून टेबलांशी बसलेल्या माणसांसमोर चार पट्ट्यांचा तो ऑर्गन कोमिसार्जेव्हस्कीच्या कमानींखाली पुन्हा वाजला.